नेर्न्स्ट यांचा दिवा आणि गाडीतला ऑक्सिजन सेन्सर

मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाताना दुसरबीड लागते. या रस्त्याने धावणाऱ्या कोणत्याही नव्या पेट्रोल मोटारीच्या एक्झॉस्ट पाइपमध्ये अंगठ्याएवढा एक भाग बसवलेला असतो. त्याचे नाव ऑक्सिजन सेन्सर. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागेपर्यंत गाडीमालकाला तो असल्याचे माहीतही नसते. इंजिनात पेट्रोल जळून गेल्यावर धुरात किती ऑक्सिजन उरला, हे तो मोजतो. त्या मापावरून इंजिनाचा संगणक पुढच्या क्षणी पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो.

या सेन्सरच्या पोटात पांढऱ्या, चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या पदार्थाचा एक छोटा विद्युतघट असतो. अभियंते त्याला नेर्न्स्ट घट म्हणतात. हे नाव वाल्टर नेर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाचे. गंमत अशी, की नेर्न्स्ट १९४१ मध्ये वारले तेव्हा जगातल्या एकाही मोटारीत असा सेन्सर नव्हता. ज्या पदार्थापासून तो बनतो तो त्यांनी वापरला होता एका दिव्यासाठी आणि तो दिवा त्यांच्या डोळ्यांदेखत बाजारातून नाहीसा झाला होता.

न्यायाधीशाचा मुलगा

वाल्टर नेर्न्स्ट यांचा जन्म २५ जून १८६४ रोजी पश्चिम प्रशियातील ब्रीझेन या छोट्या गावी झाला. आज हे गाव पोलंडमध्ये आहे. वडील न्यायाधीश होते. शाळेत असताना वाल्टरना कवी व्हावेसे वाटे. पुढे रसायनशास्त्राच्या एका शिक्षकामुळे त्यांचे लक्ष विज्ञानाकडे वळले. नाटक-साहित्याची आवड मात्र आयुष्यभर टिकली.

त्या काळी जर्मन विद्यार्थी एकाच विद्यापीठात बसून राहत नसत. नेर्न्स्ट झुरिक, बर्लिन, ग्राझ आणि वुर्झबर्ग असे फिरत शिकले. ग्राझमध्ये त्या वेळी लुडविग बोल्ट्झमान शिकवत होते. उष्णता म्हणजे अणू-रेणूंची धावपळ, हा विचार तिथे नेर्न्स्ट यांच्या मनात पक्का रुजला. तिथेच त्यांनी आल्बर्ट फॉन एटिंग्सहाउझेन यांच्याबरोबर उष्णता, वीज आणि चुंबकत्व यांच्या परस्परसंबंधावर प्रयोग केले. १८८७ मध्ये वुर्झबर्गला डॉक्टरेट मिळवून ते लाइपझिगला विल्हेल्म ओस्टवाल्ड यांचे साहाय्यक झाले. रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांना जोडणारी नवी शाखा तिथे आकाराला येत होती.

दोन बाजूंतला फरक

लाइपझिगमध्ये नेर्न्स्ट यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. बॅटरीत वीज निर्माण होते, हे सर्वांना ठाऊक होते. पण ती किती व्होल्टची असेल, हे आधीच हिशेबाने सांगता येईल का?

शेतातल्या दोन वाफ्यांच्या मध्ये बांध आहे, एका वाफ्यात पाणी भरपूर आणि दुसऱ्यात थोडे आहे, अशी कल्पना करावी. भरलेल्या वाफ्यातले पाणी बांधावर दाब देते. दोन्हीकडची पातळी सारखी झाली, की हा एकतर्फी दाब संपतो. द्रावणातल्या विद्युतभारित कणांचेही काहीसे असेच असते. ते जिथे दाट आहेत तिथून विरळ बाजूकडे जाऊ पाहतात. मध्ये फक्त त्यांनाच वाट देणारा अडसर ठेवला, तर त्यांचा हा कल विजेच्या दाबाच्या रूपात मोजता येतो. दोन बाजूंतल्या दाटपणाचे प्रमाण आणि तापमान माहीत असेल तर व्होल्ट सांगता येतात; व्होल्ट माहीत असतील तर दाटपणाचे प्रमाण काढता येते. १८८९ मध्ये, पंचविशीत, नेर्न्स्ट यांनी हे नाते एका समीकरणात बांधले.

हे समीकरण आज बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात असते. वैद्यकीच्या विद्यार्थ्यालाही ते शिकावे लागते, कारण आपल्या मज्जापेशींच्या आत पोटॅशियम जास्त आणि बाहेर कमी असते. या फरकातून पेशीच्या पडद्यावर किती मिलिव्होल्टचा दाब येतो, तेही याच समीकरणाने काढतात. रक्ताचा आम्लपणा मोजणारे यंत्रही याच तत्त्वावर चालते.

दिवा जळला, दिवा गेला

१८९० मध्ये नेर्न्स्ट ग्योटिंगेनला गेले. दोन वर्षांनी एमा लोमायर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे आणि तीन मुली झाल्या. १८९३ मध्ये त्यांचे सैद्धांतिक रसायनशास्त्रावरचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी ते पूर्ण प्राध्यापक झाले. भौतिक रसायन आणि विद्युतरसायन यांसाठी स्वतंत्र संस्था त्यांच्या हाताखाली उभी राहिली.

त्या दिवसांत विजेच्या बल्बमध्ये कोळशाची तार असे. ती वीज फार खाई आणि उजेड पिवळट देई. शिवाय हवेत तार जळून जाते म्हणून काचेच्या बल्बातून हवा काढावी लागे. नेर्न्स्ट यांनी वेगळी वाट धरली. जे आधीच जळून ऑक्साइड झाले आहे, ते पुन्हा काय जळणार? त्यांनी झिर्कोनियम धातूच्या ऑक्साइडमध्ये यट्रियमचे ऑक्साइड थोडे मिसळून बारीक कांडी बनवली. थंड असताना या कांडीतून वीज जातच नाही. पण आधी ती बाहेरून तापवली, की तिच्यातून वीज वाहू लागते आणि मग ती विजेनेच पांढरीशुभ्र तळपते. उघड्या हवेतही ती टिके.

१८९७ मध्ये त्यांनी या दिव्याचे पेटंट घेतले. जर्मनीतील एईजी कंपनीने त्यासाठी दहा लाख मार्क मोजले, असे सांगितले जाते. एका प्राध्यापकासाठी ही रक्कम डोळे विस्फारणारी होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एईजीचे दालन नेर्न्स्ट दिव्यांनी झगमगले. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी तो बाजारात आणला.

पण दिव्याची एक खोड होती. बटण दाबले की तो लगेच लागत नसे. आधी कांडी तापवण्यासाठी वेगळी तार लागे आणि तोवर थांबावे लागे. पुढे टंगस्टनच्या तारेचे बल्ब आले. ते तत्काळ लागत, स्वस्त पडत. टंगस्टनच्या बल्बमध्ये निष्क्रिय वायू भरून तो अधिक टिकाऊ आणि कार्यक्षम करणारे आयर्विंग लँगम्युअर हे ग्योटिंगेनला नेर्न्स्ट यांच्याच प्रयोगशाळेत डॉक्टरेट मिळवून अमेरिकेला परतले होते. गुरूच्या दिव्याला निरोप देण्यात शिष्याचाही हात लागला. पहिल्या महायुद्धापर्यंत नेर्न्स्ट दिवा घराघरांतून गेला. अवरक्त किरण लागणाऱ्या प्रयोगशाळांतील उपकरणांत मात्र ती कांडी टिकून राहिली.

ही कांडी वीज कशी वाहते, हे त्या वेळी पुरते उलगडले नव्हते. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन धावतात. इथे तसे होत नव्हते. घन पदार्थ असूनही ही कांडी द्रावणासारखी वागत होती, म्हणजे आतले विद्युतभारित कण स्वतः सरकत होते, हे नेर्न्स्ट यांनी १८९९ मध्ये मांडले.

मोटारवेडा प्राध्यापक

दिव्याच्या पैशातून नेर्न्स्ट यांनी केलेल्या खर्चात मोटारीचा क्रमांक वरचा होता. ग्योटिंगेनमध्ये मोटार घेणाऱ्या पहिल्या काही जणांत ते होते आणि पुढे त्यांनी एकामागून एक अनेक गाड्या बाळगल्या. त्या काळच्या गाड्या चढावर दमत. त्यांच्याविषयी सांगितली जाणारी एक हकिगत अशी, की गावाजवळची टेकडी चढण्यासाठी त्यांनी इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडून पाहिला. हा वायू तापला की फुटतो आणि त्यातून जादा ऑक्सिजन मोकळा होतो. ऑक्सिजन वाढला की तितके जास्त इंधन जाळता येते आणि ताकद वाढते. आज शर्यतीच्या गाड्यांत हीच युक्ती वापरतात. इंजिनाचा जोर नुसत्या पेट्रोलवर नसून पेट्रोल आणि ऑक्सिजन यांच्या मेळावर असतो, ही गोष्ट नेर्न्स्ट यांना स्टिअरिंगवर बसूनही कळलेली होती.

१९०५ मध्ये बर्लिन विद्यापीठाने त्यांना बोलावले तेव्हा कुटुंबाला घेऊन ते मोटारीनेच तिकडे गेले. त्याच वर्षाअखेरीस त्यांनी आपला सर्वांत मोठा सिद्धान्त मांडला. तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या जवळ जाते तसे पदार्थाच्या अंतर्गत अव्यवस्थेतले बदल नाहीसे होतात, असे त्याचे सार. आज तो उष्मागतिकीचा तिसरा नियम म्हणून ओळखला जातो. एखादी रासायनिक क्रिया कुठपर्यंत जाईल, हे केवळ उष्णतेच्या मोजमापांवरून सांगण्याची वाट त्यातून खुली झाली. या कामासाठी त्यांना १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसे जमवण्याची हौसही त्यांना होती. १९११ मध्ये ब्रसेल्सला भरलेल्या पहिल्या सॉल्वे परिषदेमागे त्यांचा पुढाकार होता. १९१३ मध्ये माक्स प्लांक यांच्यासोबत झुरिकला जाऊन त्यांनी आइन्स्टाइन यांचे मन बर्लिनसाठी वळवले. महायुद्धानंतर १९२१ मध्ये एक तरुण भारतीय शास्त्रज्ञ त्यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेत काम करत होता. ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे तापमान ओळखण्याचे सूत्र देणारे ते मेघनाद साहा.

युद्धाची काळी बाजू

नेर्न्स्ट यांच्या आयुष्यातले एक पान मात्र झाकून चालणार नाही. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते पन्नाशीचे होते. तरी स्वतःची मोटार घेऊन ते सैन्याचे निरोप पोहोचवण्यासाठी आघाडीवर गेले. जर्मन सैन्याच्या वागणुकीचे समर्थन करणाऱ्या ९३ विचारवंतांच्या पत्रकावर त्यांनी सही केली. तोफगोळ्यांतून डोळे-नाक चुरचुरवणारी रसायने सोडण्याच्या जर्मनीच्या सुरुवातीच्या प्रयोगांतही त्यांचा सहभाग होता. त्या गोळ्यांचा फारसा परिणाम झाला नाही, पण विषारी वायूंचे युद्ध पुढे कुठवर गेले हे जगाने पाहिले. वायूंचा हिशेब जाणणारी बुद्धी श्वास कोंडण्याच्या कामीही लागू शकते, हे त्या वर्षांनी दाखवले.

युद्धाने त्यांच्या घराचीही गय केली नाही. दोन्ही मुलगे आघाडीवर मारले गेले.

पुढे १९२२ ते १९२४ या काळात ते जर्मनीच्या राष्ट्रीय भौतिकी-तंत्र संस्थेचे अध्यक्ष होते आणि त्यानंतर बर्लिन विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचे संचालक. नाझी सत्तेवर आले त्या १९३३ सालीच ते निवृत्त झाले. ती राजवट त्यांना पसंत नव्हती. दोन मुलींचे पती ज्यू असल्याने त्या कुटुंबांना देश सोडावा लागला. नेर्न्स्ट त्सिबेले या खेड्यातल्या आपल्या मळ्यावर राहू लागले. तिथे ते तळ्यात कार्प मासे पाळत. यामागेही त्यांचा उष्णतेचा हिशेब होता: गाई-म्हशी चाऱ्याचा मोठा भाग अंग ऊबदार ठेवण्यात घालवतात, मासा थंड रक्ताचा म्हणून खाल्लेले बरेचसे वाढीला लावतो. १८ नोव्हेंबर १९४१ रोजी त्याच मळ्यावर त्यांचे निधन झाले.

कांडीचा दुसरा जन्म

दोन वर्षांनी, १९४३ मध्ये, कार्ल वाग्नर या जर्मन शास्त्रज्ञाने नेर्न्स्ट कांडीचे कोडे सोडवले. झिर्कोनियामध्ये यट्रिया मिसळले की स्फटिकात ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. पदार्थ तापला की ऑक्सिजनचे आयन एका रिकाम्या जागेतून दुसरीत उड्या मारत पुढे सरकतात. याचा अर्थ असा, की तापलेल्या झिर्कोनियाची चकती फक्त ऑक्सिजनला वाट देणारा बांध आहे. एका बाजूला साधी हवा आणि दुसऱ्या बाजूला कमी ऑक्सिजनचा वायू ठेवला, तर नेर्न्स्ट यांचे समीकरण लागू होते आणि चकतीच्या दोन बाजूंत व्होल्टेज मिळते. सेन्सरच्या नेहमीच्या तापमानाला एका बाजूचा ऑक्सिजन दहापट कमी झाला, की साधारण ५० मिलिव्होल्ट वाढतात. दिव्याची कांडी आणि बॅटरीचे समीकरण, नेर्न्स्ट यांची दोन वेगवेगळी कामे, अशी एकत्र आली. १९६१ मध्ये असे ऑक्सिजन मापक प्रसिद्ध करणारे दोन संशोधक वेस्टिंगहाउसच्या प्रयोगशाळेत होते. याच नावाच्या उद्योगाने साठ वर्षांपूर्वी नेर्न्स्ट दिवे विकले होते.

मोटारीला याची गरज पडली ती माणसांच्या फुप्फुसांमुळे. गाड्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड आणि न जळलेले इंधन यांवर ऊन पडले की जमिनीलगत ओझोन बनतो. तो डोळे झोंबवतो, दमा वाढवतो. लॉस एंजेलिस शहर या धुरक्याने बेजार झाले होते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. हे तिन्ही घटक एकदम कमी करणारा उत्प्रेरक सायलेन्सरच्या आधी बसवता येतो, पण त्याची एक अट असते: एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा, याच प्रमाणाच्या अगदी आसपास इंजिन चालले पाहिजे. या अचूक प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात. हवा जास्त असेल तर मिश्रण लीन आणि लॅम्डा १ च्या वर. पेट्रोल जास्त असेल तर मिश्रण रिच आणि लॅम्डा १ च्या खाली.

वैशाखात विदर्भातली हवा तापून विरळ होते, पौषातल्या पहाटे ती दाट असते. कार्ब्युरेटरला हा फरक धड कळत नाही. बॉश कंपनीचा झिर्कोनिया सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बसला आणि इंजिन आपलाच धूर तपासून स्वतःला सुधारू लागले.

अरुंद आणि रुंद

हा पहिला सेन्सर, ज्याला नॅरोबँड म्हणतात, हो-नाही प्रकारचा होता. मिश्रण रिच असेल तर सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट. मधली उडी ०.४५ व्होल्टच्या आसपास. रिच की लीन ते कळते. किती, ते नीट कळत नाही.

वाइडबँड सेन्सर किती तेही सांगतो. त्यात नेर्न्स्ट घटाशेजारी झिर्कोनियाचाच दुसरा घट असतो, त्याला पंप घट म्हणतात. दोघांच्या मध्ये एक सूक्ष्म पोकळी असते आणि धूर बारीक छिद्रातून तिच्यात झिरपतो. नेर्न्स्ट घट पोकळीतले प्रमाण पाहतो. कंट्रोलर पंप घटातून वीज सोडून पोकळीतला ऑक्सिजन बाहेर काढतो किंवा आत घालतो, आणि नेर्न्स्ट घट कायम ०.४५ व्होल्टवर ठेवतो. ऑक्सिजन विहिरीत समजला, तर पाणी एका खुणेवर टिकवण्यासाठी मोटर किती चालवावी लागली, त्यावरून झऱ्याची आवक कळते, तसेच हे. पंपाला लागलेली वीज हेच लॅम्डाचे माप. लॅम्डा १ ला ती शून्य असते.

निवडताना, जोडताना

जुन्या गाडीचे इंजिन ट्यून करण्यासाठी, सीएनजी किट बसवल्यावर किंवा मायलेज का पडले हे शोधण्यासाठी आता गॅरेजांतही वाइडबँड वापरतात. तो घेताना पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की एकटा सेन्सर उपयोगाचा नाही. तो नॅरोबँडच्या जागी थेट लावता येत नाही, बॅटरीला किंवा मल्टिमीटरला तर नाहीच. त्याला कंट्रोलर लागतो आणि कंट्रोलर ज्या सेन्सरसाठी बनला आहे तोच सेन्सर घ्यावा लागतो. बॉशचे एलएसयू ४.२ आणि एलएसयू ४.९ दिसायला सारखे असले तरी एकमेकांच्या जागी चालत नाहीत. नव्या कामासाठी बहुधा ४.९ निवडतात.

४.९ सेन्सरला पाच वायरी असतात, पण कनेक्टरमध्ये सहा पिना. लाल वायर पंपाची, काळी नेर्न्स्ट घटाची, पिवळी दोघांची सामाईक; राखाडी हीटरची पॉझिटिव्ह आणि पांढरी हीटरची निगेटिव्ह. कंट्रोलरकडून येणारी सहावी वायर, बहुधा हिरवी, कनेक्टरमध्येच बसवलेल्या एका बारीक रेझिस्टरपर्यंत जाते. कारखान्यात प्रत्येक सेन्सर तपासून त्याच्या मापाचा रेझिस्टर त्यात घातलेला असतो. म्हणून कनेक्टर कापून वायरी पिळून जोडल्या, तर सेन्सरची ओळखच हरवते आणि माप चुकते.

हीटरला जास्त वीज लागते. त्यामुळे कंट्रोलरचा पुरवठा इग्निशनवर चालणाऱ्या रिलेमधून, स्वतंत्र फ्यूज घालून घ्यावा. अर्थिंग घट्ट आणि स्वच्छ धातूवर हवे. कंट्रोलरची सिग्नलची अर्थ वायर इंजिन संगणकाच्या अर्थजवळ जोडली, तर मापात घोळ कमी होतो. हीटरला सरळ १२ व्होल्ट देऊ नयेत. थंड पाइपात पाण्याचे थेंब असतात. एकदम तापलेल्या झिर्कोनियावर थेंब पडला की तो तडकतो. कंट्रोलर हीटर हळूहळू तापवतो तो यासाठीच. दिवा लावण्याआधी कांडी तापवावी लागे, तीच जुनी खोड इथे सांभाळावी लागते.

जागेचेही नियम आहेत. सेन्सर पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर कललेला असावा, म्हणजे पाणी त्यात साचत नाही. टर्बो असेल तर टर्बोच्या पुढे, आणि उत्प्रेरकाच्या अलीकडे. पाइपच्या सांध्यातून हवा आत येत असेल, तर मिश्रण ठीक असूनही लीन दिसते. प्लग नीट पेटत नसेल तरी लीन दिसते, कारण न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. अशा वेळी पेट्रोल वाढवणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरेच. सिलिकॉन सीलंटच्या वाफा सेन्सर निकामी करतात. वीज न देता सेन्सर पाइपात ठेवून गाडी चालवली, तर तो काजळीने खराब होतो.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला अचूक प्रमाण १४.७ राहत नाही, सुमारे १३.५ होते. सेन्सर मात्र लॅम्डाच मोजतो. म्हणून मीटरवर आकड्यांचे प्रमाण पाहण्याऐवजी लॅम्डा पाहावा. १ म्हणजे कोणत्याही इंधनाला १.

आणि सर्वांत महत्त्वाचे: पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग करू नये. रिच मिश्रणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि माणूस कोसळतो तोपर्यंत उशीर झालेला असतो. काम उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून करावे. कुणाला गरगरले तर त्याला लगेच मोकळ्या हवेत न्यावे आणि दवाखाना गाठावा.

सगळ्यांच्या श्वासासाठी

भारतात हा सेन्सर रुळायला आधी पेट्रोलमधले शिसे जावे लागले. शिसे सेन्सर आणि उत्प्रेरक दोन्ही मारते, आणि मुलांच्या मेंदूलाही अपाय करते. २००० मध्ये देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर आले. गाड्या या मानकांत बसतात का, याची तपासणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही प्रमुख आहे.

तरीही चेक इंजिनचा दिवा लागला की सेन्सर काढून टाकणे, उत्प्रेरक पोकळ करणे असे उपाय केले जातात. गाडी चालते, म्हणून त्यात बिघाड दिसत नाही. पण जादा पेट्रोल मालकाच्या खिशातून जाते आणि न आवरलेला धूर रस्त्याकाठी राहणाऱ्यांच्या छातीत जातो. दुसरबीडसारख्या गावात घरे, दुकाने आणि शाळेची वाट रस्त्यालगतच असतात.

नेर्न्स्ट यांना दिव्याचे पैसे मिळाले, मान मिळाला, नोबेलही मिळाले. त्यांच्या हातून श्वास कोंडण्याच्या कामालाही हातभार लागला. आणि ज्या कांडीला बाजाराने टाकून दिले, तीच आज रस्त्यावरच्या गाडीगाडीत श्वास राखण्याच्या कामी आली आहे. हे त्यांनी ठरवलेले नव्हते. त्या ज्ञानाचे काय करायचे, हे त्यांच्यानंतरच्या लोकांनी ठरवले. आणि आज ते गाडी चालवणारा आणि ती दुरुस्त करणारा, हे दोघे ठरवतात.